फोन कोणी उचलू नका

वडसा
१४ सप्टेंबर २००८

रिना,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझा मोबाईल लावून लावून थकले. ती बाई दर वेळी एकच सांगते, तुम्ही क्षेत्राबाहेर आहात म्हणून. तुमच्या मरकागुड्याला टॉवर येईल तेव्हा येईल, तोवर आलापल्लीच्या एसटीवर भरवसा.

काल आमच्याकडे नवीन इंटरनेट बसलं. प्रेसच्या कामाला लागतंच आता. गिऱ्हाईक पोस्टरचे फोटो मेलनंच पाठवतात. माणूस आला, भिंतीवर पांढरा डबा ठोकला, दिवे लागले आणि म्हणाला, "झालं ताई." मी विचारलं, "पण लावायचं कसं?" तर हसायला लागला. "लावाचं काय त्याच्यात? हे चालूच राह्यते."

अम्मीनं स्वयंपाकघरातला फोन उचलून कानाला लावला. डायल टोन आला. ती म्हणाली, "ये तो बिगडा हुआ है."

मी इतकी हसले. आठवतं का गं तुला? पुढच्या खोलीत अब्बांचा पोस्टर जुळवायचा कम्प्युटर, त्यावर अम्मीनं क्रोशाचं झाकण घातलेलं, बाजूला तो काळा मोडेम. डायल केलं की आधी टिकटिक, मग ती किंकाळी, मग कोणीतरी पत्रा घासतंय असा खर्रर्र आवाज. अम्मी आतून ओरडायची, "इसको दर्द होता होगा!" तो आवाज अचानक थांबला की आपण दोघी श्वास धरायचो. लागलं तर लागलं. नाहीतर परत.

आणि फोनवर टांगलेली ती पाटी. 'फोन कोणी उचलू नका.' तुझ्याच अक्षरातली. तरी कोणीतरी उचलायचंच. बहुतेक अम्मीच. "हॅलो? हॅलो? अरे कौन रो रहा है?" आणि लाईन कापली जायची.

अजीमभाईनं मस्कतहून पहिला फोटो पाठवला तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. वरून खाली, पट्टी पट्टी उतरत होता फोटो. आधी आभाळ, मग केस, मग कपाळ. अम्मी समोर मांडी घालून बसली होती. नाकापर्यंत आला आणि अडकला. ती पडद्याला म्हणाली, "बेटा, मुंह तो दिखा." तोंड यायला किती वेळ लागला देव जाणे. आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दुबला हो गया." आणि उठून आत गेली. आता तोच अजीमभाई रोज कॅमेऱ्यावर दिसतो आणि अम्मी त्याच्याशी बोलताना भाजी निवडते.

बरं, खरी गोष्ट राहिलीच. श्रीहरीकाका आले होते. तुझ्या बाबांना कोणीतरी सांगितलं की जलालभाऊच्या घरी पुन्हा इंटरनेट आलं. म्हणाले, "अमरीन, हे माझं शेवटचं साल हाये नाटकाचं. गळा साथ देत नाई. जाता जाता 'फुटली पाळ' परत लावतो म्हनतो, आपल्या वडसातच. तू एक काम कर. त्या सुधांशू देवरेले मेल लाव. त्याले बोलाव. शाल-नारळ देऊन सत्कार कराचा हाये माह्या हातानं."

मी "हो काका" म्हणून गेले. दुसरं काय म्हणणार होते? आता तू सांग. सुधांशू देवरेला कुठून आणू?

तुझी,
अमरीन


मरकागुडा
२८ सप्टेंबर २००८

अमरीन,

तुझं पत्र कंडक्टरच्या खिशात भिजून आलं. शेवटच्या ओळीची शाई पसरली होती, पण सुधांशूचं नाव अगदी स्वच्छ वाचता आलं. दवाखान्यात मलेरियाच्या रक्ततपासणीच्या काचा हातात होत्या, त्या खाली ठेवल्या आणि बाकावर बसले.

तू या टोकाचं लिहिलंस. मी त्या टोकाचं सांगते. नागपूरला होस्टेलच्या मागे एक कॅफे होता, प्लायवूडच्या खोक्यांचा. रविवारी दुपारी नर्सिंगच्या मुली पिक्चरला जायच्या आणि मी तिथे. मराठी अक्षरं मेलमधून गेली की तुझ्याकडे नुसते चौकोन उमटायचे, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत टाईप करायचे. आपली झाडीची बोली इंग्रजी अक्षरांत! शेजारचा पोरगा वाकून बघायचा आणि विचारायचा, "ये कौनसी लँग्वेज है?" पाठव म्हटलं की ती निळी पट्टी मुंगीसारखी सरकायची. मला डोळ्यांपुढे दिसायचं, तुमच्या खोलीत सतरंजीवर बाबा, लच्छूकाका पेटी मांडीवर घेऊन, धुरपताबाई पान लावत, आणि तू कम्प्युटरसमोर जज्जासारखी. सगळे माझ्या त्या पट्टीची वाट बघत बसलेले, आणि माझी वाट बघतोय हे कोणालाच माहीत नाही. एवढं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही, खरं सांगते.

तुला 'मती'चं आठवतं का? मी लिहिलं होतं, "माझी माती गेली." तळ्याची पाळ फुटली, शेताची माती वाहून गेली. इंग्रजीत एम-ए-टी-आय. तू देवनागरीत उतरवताना लिहिलंस, "माझी मती गेली." धुरपताबाईनं ते वाचलं आणि त्या जागी वेडाचा झटका बसवून टाकला. केस सोडून, पाळीवर गोल गोल फिरत. लोक हुंदके देत होते. मी लिहिलेल्यापेक्षा ते शंभरपट चांगलं झालं. त्याचं श्रेय सुधांशूला मिळालं, हा एक अन्यायच.

पण अमरीन, बाबांना सांगायचं नाही. त्या दिवाळीत काय झालं होतं तू बघितलंस. लेखक ऐन वेळी दुसऱ्या मंडळीत गेला, जलालचाचांकडे पोस्टर जुळवायला पडलेलं, नाटकच नाही. मी म्हटलं, बाबा, मी लिहून बघू? ते चाचांसमोर माझ्यावर खेकसले. "तू नर्स होनार हायेस. नाटकाच्या धुळीत पाय नाई टाकाचा." म्हणून तर आपण पुण्याचा लेखक काढला, अजीमभाईच्या मित्राच्या ओळखीचा. आणि कम्प्युटरातून आला म्हटल्यावर कोणी शंकाच घेतली नाही! कम्प्युटरातून खोटं येऊ शकतं हे तेव्हा वडसात कोणाला ठाऊक होतं?

त्यांना सांग, सुधांशू अमेरिकेला गेला. कायमचा.

रिना


वडसा
१२ ऑक्टोबर २००८

रिना,

ईद झाली. शीरखुर्मा तुझ्या वाटचा अम्मीनं नेहमीसारखा वेगळा काढला आणि नेहमीसारखा शहबाजनं खाल्ला. नवऱ्याला दुसरं काय काम.

तुझी युक्ती सपशेल पडली. मी काकांना सांगितलं, सुधांशू अमेरिकेत गेला. वाटलं, खट्टू होतील आणि विषय संपेल. तर त्यांचा चेहरा फुलला. "अमेरिकेत? मंग तं मेल अजून लवकर जात असन. तिकडं मशिनी चांगल्या रायते." आणि लगेच खुर्ची ओढून बसले. "मी सांगतो, तू लिव."

त्यांनी आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. मेलसाठी, रिना! मग घसा साफ केला. आवाज खरंच बसलाय त्यांचा. पूर्वी स्टेजवरून दरडावले की लेकरं आईच्या पदरात शिरायची. आता दोन वाक्यं बोलले की थांबून पाणी पितात. नागपूरच्या डॉक्टरनं कमी बोलायला सांगितलंय, हे त्यांनी तुला कळवलं नसेल. मी कळवते.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"देवरे साहेब, जय भीम. तुमी आमाले पाह्यलं नाई, आमी तुमाले पाह्यलं नाई. आमी गिरनीत पोते उचलनारे, सुतारकाम करनारे लोक, दिवाळीनंतर तोंडाले रंग लावतो. आमचं नाटक शहरातले लोक हासन्यावारी नेते. तुमी पुन्याचे असून आमच्यासाठी लिवलं, अन् आमच्याच बोलीत लिवलं. तुमाले आमची बोली कशी आली, याचा मी लय विचार केला. मंग वाटलं, ज्याले मानसाची कदर असते त्याले बोली येते. तुमच्या त्या नाटकानंतर मी कोनासमोर मान खाली घातली नाई. कोनी काई बोललं का मी मनात म्हनो, पुन्याच्या लेखकानं माह्यासाठी लिवलं हाये. एकदा येऊन जा. तुमाले पाहाचं हाये. श्रीहरी रामटेके."

मी टाईप करत होते आणि पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. "गेलं का?" म्हणाले. मी म्हटलं, गेलं. पूर्वी ती पट्टी तरी सरकायची. आता बटण दाबलं की गेलंच. आणि कुठे गेलं म्हणशील तर तुझ्या त्या जुन्या पत्त्यावर, जो कधीच बंद पडला असेल.

आता रोज येतात. चप्पल दारात काढतात आणि बाहेरूनच विचारतात, "आलं का उत्तर?" मी काय करू?

अमरीन


मरकागुडा
२ नोव्हेंबर २००८

अमरीन,

उत्तर उशिरा देते आहे. दिवाळीला रजा मिळाली नाही. दोन टोल्यांच्या वस्त्यांवर ताप पसरला होता. पण खरं कारण ते नाही.

तुझं पत्र वाचून मी सुधांशूचं उत्तर लिहायला बसले. जमलंसुद्धा. 'आदरणीय श्रीहरीभाऊ' असं, पुणेरी, गोड. इतकं खरं वाटत होतं की मलाच त्या माणसाचा राग आला. हा कोण माझ्या बापाशी असं बोलणारा? मग चुलीत टाकलं.

मी इतकी वर्षं समजत होते की आपण बाबांना एक नाटक दिलं. आपण त्यांना एक माणूस दिला होता गं. पुण्याचा, शिकलेला, त्यांना मान देणारा. आणि तो माणूस नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? पण आता नाही सांगितलं तर ते रोज तुमच्या दारात चप्पल काढून विचारणार. ते मला इथे बसून सहन होत नाही.

मला रजा मिळायला जानेवारी उजाडेल. तूच सांग त्यांना. तुझी अम्मी, शमीमचाची, समोर असू दे. त्या एकट्या बाईचं ते ऐकतात. नाटक कोणाचं, एवढंच सांग. बाकी का आणि कशासाठी ते मी आल्यावर बोलेन. रागावले तर रागावू दे.

त्यांच्या गळ्याचं नीट लिही. कोणत्या डॉक्टरनं बघितलं, औषधं कोणती, सगळं.

रिना


वडसा
२३ नोव्हेंबर २००८

रिना,

सांगितलं.

दहा दिवसांमागे, गुरुवारी दुपारी आले. अम्मी समोर होती, धान निवडत. त्यांनी दारातून विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, काका, आत या, बसा. ते बसले. मी म्हटलं, "काका, सुधांशू देवरे नावाचं कोणी नाही. ते नाटक आपली रिना लिहायची."

"कोनती रिना?"

खरंच असं विचारलं त्यांनी. अम्मी म्हणाली, "अपनी रिना, भाऊ. और कौनसी? नागपूर से भेजती थी." मग ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी हसले नाही तेव्हा त्यांचं हसू हळूहळू गेलं. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याकडे बघत बसले, जसं काही तो सांगणार आहे.

"मंग पुन्याचं कोनी नव्हतं?"

"नाही काका."

"अमेरिकेतबी कोनी नाई?"

"नाही."

"म्हनजे बाहेरच्या कोनालेच आपलं..." एवढं म्हणाले आणि उठले. अम्मीनं चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. जाताना टोपी विसरले. मी मागे धावत गेले तर हातात घेतली, घातली नाही.

त्या दिवसापासून आले नाहीत. लच्छूकाका प्रेसवर आले होते, म्हणाले, 'फुटली पाळ' रद्द, दुसरंच नाटक बसवून राहिलेत, आणि कोणाशी नीट बोलत नाहीत. मला वाटतं ते फार रागावलेत, रिना. तुझ्यावर नसतील कदाचित. माझ्यावर असतील. मीच तर वाचून दाखवायचे ना, "सुधांशूंनी लिहिलंय बघा," म्हणून.

अम्मीला मी विचारलं, आपण चुकलो का? ती म्हणाली, "तब घर में कितने लोग आते थे. अब देख." हे काही उत्तर नाही. पण मी बघितलं खरंच. पुढच्या खोलीत मी आणि तो डबा. तेव्हा एक मेल वाचायला अर्धी गल्ली सतरंजीवर बसायची. आता मी एकटी दिवसाला पन्नास मेल वाचते आणि संध्याकाळी एकही आठवत नाही.

गळ्याचं म्हणशील तर गाठ वगैरे नाही, घाबरू नकोस. आयुष्यभर माईकशिवाय ओरडल्यामुळे आवाजाच्या पट्ट्या खरवडल्यात, असं डॉक्टर म्हणाले. औषधांची नावं पाठीमागे लिहिलीत.

अमरीन


मरकागुडा
७ डिसेंबर २००८

अमरीन,

कार्डावर मावेल तेवढंच. तुझा काही दोष नाही.

काल बाळंतपणं झाली, लागोपाठ. हात धुताना एकदम तो पहिला प्रयोग आठवला. मी नागपूरहून आले होते, बायकांच्या बाजूला पोत्यावर बसले होते. रात्रभर नाटक चाललं, सकाळी पडदा पडला. बाबा रंग पुसत मागून आले आणि मला विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "चांगलं." ते म्हणाले, "पुन्याच्या मानसानं लिवलं." मी म्हटलं, "हो." एवढंच बोलणं झालं आमचं त्या नाटकाबद्दल. आजपर्यंत.

जानेवारीत येते. तोवर त्यांच्या घरावरून गेलीस तर दार उघडं आहे का तेवढं बघत जा.

रिना


मरकागुडा
२९ डिसेंबर २००८

अमरीन,

तू हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस आधी.

शुक्रवारी ओपीडीत गर्दी होती. आठवडी बाजाराचा दिवस, त्यामुळे बाजार आणि ताप दोन्ही एकदमच येतात. मी मान खाली घालून एकेकाची चिठ्ठी लिहीत होते. लालसू नावाचा म्हातारा उठला, त्याच्या जागी पुढचा येऊन बसला. मी वर न बघताच विचारलं, "काय होते?"

"तिसऱ्या अंकात दुखते."

मी वर बघितलं. बाबा! मफलर गळ्याला गुंडाळलेला, हातात पिशवी, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. वडसाहून आलापल्ली, आलापल्लीहून जीपनं इथे. आणि बाकावर रांगेत बसून राहिले होते, नंबर येईपर्यंत. मी त्यांना ओळखून ओरडले असते तर बरं दिसलं नसतं म्हणून, असं नंतर म्हणाले.

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. गर्दी संपेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. जेवताना मीच सुरुवात केली, की बाबा, आम्ही तुम्हाला फसवायला नव्हतं केलं. ते म्हणाले, "थे सोड. पुन्याचा मानूस गेला याचं वाईट वाटलं. लय वाईट वाटलं, खोटं काऊन सांगू? घरात कोनी वारल्यावानी आठ-पंधरा दिवस काढले. मंग एका दिवशी गिरनीत बसलो होतो, अन् डोक्यात आलं, थो पुन्याचा नाई, आपल्या घरचा हाये, तं मंग त्याले आता सांगता येते."

"काय सांगता येते?"

"तिसऱ्या अंकाचं."

आणि मग बोलायला लागले, अमरीन. डॉक्टरनं मना केलंय तरी. म्हणाले, "पाळ फुटल्यावर पोरगी घर सोडून शहरात जाते. सारे रडते, आई रडते, शेजारी रडते. अन् बाप काय करते? खांबाले टेकून उभा राह्यते. एक वाक्य नाई देल्लं तू बापाले. एक! इतके वर्सं मी त्या खांबाले टेकून उभा हावो. पाठ दुखे, पन मनात म्हनो, एवढा मोठा लेखक, त्यानं काई विचार करूनच ठेवलं असन. त्याले कसं सांगाचं का साहेब, बापाले बोलू द्या?"

मला हसू येत होतं आणि रागही आला. मी म्हटलं, "बाबा, ते बरोबर आहे. तो बाप बोलत नाही, तेच त्याचं बोलणं आहे."

"थे शहरातलं झालं. पोरगी जाऊन राह्यली तं बाप बोलन का नाई?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नागपूरला गेले तेव्हा तुम्ही कुठे बोललात?"

मला वाटलं, संपलं. आता उठतील आणि परतीची जीप विचारतील. त्यांनी ताटातला भात कडेला सारला आणि म्हणाले, "बोलनार होतो. म्हननार होतो का रिना, घर सोडून चाल्ली पन घरातून नाई चाल्ली. पाठ करून आलतो घरून. तुले खिडकीत जागा भेटली का नाई थे पाहात राह्यलो, अन् बस चालू झाली."

अमरीन, मी जेवणावरून उठले. हात न धुताच. टेबलावर रक्ताच्या तपासणीचे कोरे कागद होते, त्यातल्या एकाच्या पाठीवर ते वाक्य लिहिलं. मराठीत, आपल्या अक्षरांत, त्यांच्यासमोर. आजवर मी त्यांच्यासाठी लिहिलेलं एकही अक्षर त्यांच्यासमोर लिहिलं नव्हतं. त्यांनी कागद लांब धरून वाचला. मग उभे राहिले, दाराच्या चौकटीला टेकले आणि बोलून बघितलं. आवाज फाटका निघाला, मधेच तुटला. वऱ्हांड्यात औषधासाठी थांबलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. लालसू म्हाताऱ्याला मराठी धड येत नाही, पण त्यानं खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला.

बाबा खूश झाले असतील असं तुला वाटेल. छे. "एवढंच?" म्हणाले. "अर्धं पान तं पाह्यजे कमीत कमी. अन् धुरपताबाईचं ते येड लागन्याचं थोडं कमी कर, बापावर ध्यान राह्यत नाई लोकाइचं." मी म्हटलं, येड लागणं राहील, आणि वाक्य एकच राहील. तेव्हापासून हाच वाद चालू आहे. सकाळी मी ओपीडीत, दुपारी तिसरा अंक, संध्याकाळी भांडण. त्यांनी पिशवीत काय आणलं होतं माहीत आहे? बदलायला एकच सदरा आणि लच्छूकाकांनी खोकल्यासाठी दिलेली खडीसाखर. म्हणजे राहायला आलेच नव्हते. सांगायचं आणि निघायचं असा बेत होता. आता आजची जीप पण सोडली.

माझी रजा मंजूर झाली. आम्ही दोघं बरोबरच येतोय. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी प्रयोग ठरवायचा असं बाबांनी लच्छूकाकांना कळवायला सांगितलंय, तू निरोप दे. पोस्टर तुझ्याकडेच. लेखकाच्या जागी कोणाचं नाव टाकायचं, मी त्यांना विचारलं. म्हणाले, "तुह्यं टाक. लढाले कोनी तं पाह्यजे समोर." शाल-नारळाचं मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

चाचींना सांग, पुढच्या खोलीतल्या सतरंज्या उन्हात टाका. तालीम तिथेच करायची असं ठरलंय, मंडळींच्या जागेचं छप्पर गळतं म्हणे.

आत्ता हे लिहितेय तर ते बाजूला बसून माझ्या खांद्यावरून वाचतायत. मी म्हटलं, बाबा, हे पत्र अमरीनचं आहे, आणि वाक्य मी वाढवणार नाही, पुन्हा विचारू नका. त्यांनी मफलर नीट गुंडाळला, बाहेर वऱ्हांड्यात जाऊन बसले आणि तिथून मला ऐकू येईल अशा बेतानं, पुन्हा औषधाला आलेल्या लालसूला म्हणाले,

"सुधांशू बरा होता बाप्पा. त्यानं कदी उलटून जबाब नाई देल्ला."

तुझी,
रिना